कलिंगडाला ऐकू येतं

वर्षाराणीला सहजासहजी राग यायचा नाही. अंबाजोगाईच्या बाजारात तिच्या वडिलांचं, मन्मथप्पांचं, किराणा दुकान होतं. गिऱ्हाईक कितीही तिरपं बोललं तरी आपला आवाज चढू द्यायचा नाही, हे ती लहानपणी गल्ल्यामागे बसून शिकली होती. पुढे ती इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला लागली, तेव्हाही पोरांनी प्रयोगशाळेत सर्किट जाळलं तर "पुन्हा लावा" एवढंच म्हणायची. म्हणून त्या उन्हाळ्यात तिला जो राग आला तो बघून घरचे चपापले. खरं सांगायचं तर तीही चपापली. इतका राग आपल्यात कुठं मावत होता, हे तिलाच कळेना.

सुरुवात झाली फिरोजच्या गाड्यापाशी. फिरोज बसस्टँडच्या बाहेर फळांची हातगाडी लावायचा. त्या दुपारी तो माल आणायला गेला होता आणि गाड्यावर त्याची बायको फरीदा होती. गाड्याच्या सावलीत पोतं अंथरून त्यांची मुलगी उज्मा बसली होती. अडीच वर्षांची असेल. कलिंगडाच्या बिया ओळीनं मांडत होती. वर्षाराणी कलिंगड वाजवून बघत असताना मागून एक ट्रक अगदी अंगावर आला आणि त्यानं प्रेशर हॉर्न मारला. वर्षाराणीच्या हातातलं फळ निसटलं. गाड्याखाली झोपलेलं कुत्रं केकाटत पळालं. उज्मानं मान वर केली नाही. तिनं पुढची बी ठेवली.

"ही दचकली नाही," वर्षाराणी म्हणाली.

"लई ध्यान लावून खेळती, मॅडम. खेळात असली की कुणाकडं बघत न्हाई."

"बोलायला लागली का?"

फरीदाचा तराजूवरचा हात थांबला. "उशिरा बोलतात काही लेकरं. हिचे अब्बाबी उशिराच बोलले म्हणं, सासूबाई सांगतात." मग तिला वाटलं असावं की मॅडमला पटलं नाही, म्हणून ती घाईनं म्हणाली, "कान तपासलेत तिचे. बाळंतपणाला मी तलवाड्याला माहेरी गेलते ना, तवा तिथं शिबिर भरलंतं. डोक्याला तारा लावल्या, कानाला हेडफोन लावला. निळं मशीन होतं, कर्णिका नावाचं. हिरवा दिवा लागला. मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. लेकराला चांगलं ऐकू येतंय म्हणले."

कर्णिका हे नाव ऐकून वर्षाराणीला आधी अभिमानच वाटला, आणि त्या अभिमानाची नंतर तिला फार चीड आली. कारण ते मशीन तिचं होतं. निदान त्याचं काळीज तिचं होतं.

काही वर्षांपूर्वी बीडचा योगीराज, तिचा कॉलेजातला सोबती, तिच्याकडे आला होता. लेकरांची श्रवणतपासणी खेड्यापाड्यांत नेऊ म्हणाला. डबा, सॉफ्टवेअर, विक्री तो बघणार, आणि आतला ॲम्प्लिफायर तिनं करायचा. तान्ह्या लेकराला 'ऐकू येतं का' असं विचारून चालत नाही. त्याच्या कानात टक टक आवाज सोडायचा आणि कपाळावर नि कानामागे चिकटवलेल्या पट्ट्यांतून मेंदूचा जबाब घ्यायचा. हा जबाब विजेचा असतो. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेलचे तीसेक लाख भाग करावेत आणि त्यातला एक उचलावा, एवढा बारीक. तो मोठा करायचा म्हटला तर अडचण अशी, की मोठा करणारा ट्रान्झिस्टर स्वतःही गप्प बसत नाही. त्याच्यातून वीज नळाच्या धारेसारखी सलग वाहत नाही, चाळणीतून वाळू पडावी तशी कणाकणानं पडते, आणि त्या पडण्याची खसखस होते. पहिल्या ट्रान्झिस्टरची खसखस जबाबापेक्षा मोठी झाली की पुढचे सगळे ट्रान्झिस्टर इमानेइतबारे ती खसखसच मोठी करून देतात.

वर्षाराणीनं या खसखशीमागे वर्ष घालवलं. ट्रान्झिस्टरमधून प्रवाह जास्त सोडला तर एक खसखस कमी होते आणि दुसरी वाढते. कमी सोडला तर उलटं. या दोन्हींच्या मधली नेमकी जागा लेकराच्या कातडीचा रोध किती आहे त्यावर ठरते. ती जागा तिनं कागदावर काढली, मग टेबलावर पडताळली, मग घरातल्या सगळ्यांच्या कपाळाला पट्ट्या चिकटवून पुन्हा पडताळली. मन्मथप्पा तर दुकान बंद करून आले की आपण होऊन कपाळ पुढं करायचे. ट्रान्झिस्टर ती एकेक मोजून घ्यायची आणि सारख्या स्वभावाच्या दोघांची जोडी जमवायची. रोधकही साध्या कार्बनचे घेतले नाहीत, कारण तेही खसखस करतात. विजेच्या तारांची घरघर आत येऊ नये म्हणून सर्किट धातूच्या डबीत बंद केलं आणि सेलवर चालवलं. टक टक करणारा स्पीकर लेकराच्या डोक्यापासून लांब ठेवला आणि आवाज रबरी नळीतून कानात नेला, म्हणजे स्पीकरच्या विजेचा शिंतोडा पट्ट्यांवर उडू नये. हे सगळं करून पडद्यावर पहिल्यांदा मन्मथप्पांच्या मेंदूची ती छोटी लाट उमटली तेव्हा ती आणि वडील दोघंही किती तरी वेळ नुसते बघत राहिले होते.

आता तेच मशीन म्हणत होतं की उज्माला ऐकू येतं.

"उद्या हिला घेऊन कॉलेजात या," ती फरीदाला म्हणाली. "दुपारची झोपवूनच आणा."

दुसऱ्या दिवशी फिरोज आणि फरीदा झोपलेल्या उज्माला खांद्यावर टाकून प्रयोगशाळेत आले. वर्षाराणीकडे तिनं हातानं जोडलेला कर्णिकेचा पहिला नमुना होता. तो आधी तिनं स्वतःला लावून बघितला. लाट आली. मग उज्माला लावला. हळू आवाज दिला, मग मोठा, मग आणखी मोठा. पडद्यावरची रेघ सपाट. तिनं पट्ट्या काढून कपाळ पुसून पुन्हा लावल्या. रेघ सपाट. दुसरा कान. सपाट. तिनं पुन्हा स्वतःला पट्ट्या लावल्या, कारण या वेळी नमुना बिघडला असेल अशी तिला आशा वाटली. पण तिची लाट तेवढीच ठसठशीत आली.

"माझं मशीन म्हणजे काही दवाखाना नाही," ती दोघांना म्हणाली. "सरकारी दवाखान्यात कानाच्या विभागात दाखवू. मी येते बरोबर."

तिथल्या मोठ्या मशीननंही तेच सांगितलं. दोन्ही कान, जन्मापासूनच बहुधा. डॉक्टरीणबाईंनी फार हळुवारपणे समजावलं, आणि मग विचारलं की आधी का आणलं नाही. सहा महिन्यांच्या आत कानाला यंत्र लागलं असतं तर बोलणं कितीतरी सोपं गेलं असतं.

फिरोज भिंतीला टेकून खाली बसला. फरीदा उभीच होती. रडली नाही.

"मी हिला मारलंय, मॅडम," ती वर्षाराणीला म्हणाली. "हाक मारली की येत न्हाई, सांगितलेलं ऐकत न्हाई, म्हणून मारलं. एकदा न्हाई, लई वेळा. हिरवा दिवा लागलता ना. मला वाटलं, ऐकू येतंय आन मुद्दाम करती."

वर्षाराणीच्या रागाला तिथं तोंड फुटलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तिला समोरचं नीट दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं ती बीडला गेली. योगीराजचं वर्कशॉप बार्शी नाक्याजवळ होतं. ती शिरली तेव्हा तो फोनवर होता. तिनं टेबलावरची नवीकोरी कर्णिका ओढली, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि चार स्क्रू काढून झाकण उघडलं.

पहिली नजर पडताच तिला सगळं कळलं. धातूची डबी नव्हती. सर्किट नुसतं प्लास्टिकच्या खोक्यात बसवलं होतं. पहिल्या जोडीच्या जागी हाताला लागतील ते ट्रान्झिस्टर होते, जोडी वगैरे काही नाही. रोधक कार्बनचे. सेलची जागा रिकामी, तिथं चार्जरसारखा ॲडॉप्टर. आणि रबरी नळीऐवजी साधा हेडफोन, त्याची उघडी वायर पट्ट्यांच्या वायरींना लगटून एकाच गाठीत बांधलेली.

योगीराजनं फोन ठेवला. "वर्षा, कळवून तरी यायचं."

"ट्रान्झिस्टर का बदलले?"

"बस तर. चहा सांगतो."

"का बदलले, योग्या?"

तो खुर्चीत रेलला. "तुझे मिळत नव्हते. आन मिळाले तर त्यातले निवडायचे, जोड्या लावायच्या. ते लॅबमदी ठीक हाय गं. इथं महिन्याला माल काढायचा असतो. दुसरे टाकले, चालले."

"चालले म्हणजे काय? मला विचारायचं होतंस. न मिळणाऱ्याच्या जागी कुठला घ्यायचा ते मी सांगितलं असतं. प्रवाह बदलून दिला असता."

"तू गणित सांगत बसायचीस."

"खसखस दुप्पट झाली तर तपासायला चौपट वेळ लागतो, हे गणित तुला माहीत होतं. वेळ वाढवलास?"

बाहेर एक माणूस सोल्डरिंग करत होता, त्यानं हात थांबवले.

"वाढवलास का वेळ?"

"शिबिरात एका लेकराला किती वेळ देनार, वर्षा? बाहेर रांग असती. लेकरू उठतं, रडतं, की लागला लाल दिवा. सुरुवातीला निम्म्या लेकरांना लाल दिवा लागायचा. लोक म्हणायचे मशीन खराब हाय. एका संस्थेनं सगळी परत पाठवली. मग सॉफ्टवेअर जरा सैल केलं."

"जरा सैल."

"सगळेच करतात."

"हेडफोनच्या विजेचा शिंतोडा पट्ट्यांवर उडतोय. प्रत्येक टकबरोबर उडतोय. तुझं सॉफ्टवेअर हजार टक एकावर एक रचतं आणि त्या शिंतोड्यालाच लेकराचा जबाब म्हणतं. हे मशीन लेकराचं ऐकतच नाही. स्वतःचाच आवाज ऐकतं आणि स्वतःलाच पास करतं."

"तुला वाटतं तेवढं न्हाई ते."

तेव्हा तिनं उज्माचं सांगितलं. हिरव्या दिव्याचं, हॉर्नचं, फरीदाच्या मारण्याचं. सांगताना तिचा आवाज इतका शांत होता की तिला तो स्वतःचा वाटेना. योगीराजनं टेबलावर सुटे पडलेले चार स्क्रू एकत्र केले. मग म्हणाला, "एखादं सुटणारच. मोठ्या मशीनमदीबी सुटतं."

वर्षाराणीच्या मुठीत स्क्रू ड्रायव्हर होता. तो फेकून मारावा अशी इतकी निखळ इच्छा तिला झाली, की तिनं तो दोन्ही हातांनी धरून टेबलावर आडवा ठेवला.

"सगळी मशीन परत मागव. आजच."

"रविवारी इथं मोठं शिबिर हाय. पावणे येणार हायत. आता थांबवता येत न्हाई." तो उठला आणि त्यानं उघडी कर्णिका आपल्याकडे ओढून घेतली. "तू ॲम्प्लिफायर केलास, वर्षा. त्याबद्दल तुझं नाव मी सगळीकडं घेतो. पण मशीन माझं हाय."

परतीच्या गाडीत तिला खिडकी मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. मांजरसुंबा गेलं, नेकनूर गेलं, केज गेलं आणि ती मनातल्या मनात योगीराजला उत्तरं देत राहिली. प्रत्येक उत्तर आधीच्यापेक्षा धारदार, आणि सगळी उशिराची. शेजारच्या बाईनं विचारलं की बाई, बरं वाटत नाही का. तेव्हा तिला कळलं की आपले दात करकरताहेत.

पुढचे दोन दिवस तिनं फोन केले. शिबिर भरवणाऱ्या संस्थेचा माणूस म्हणाला, लेखी द्या, बैठकीत घेऊ. शिबिराला येणारे कानाचे डॉक्टर, खडकीकर म्हणून, ते म्हणाले की मशीनची तपासणी झालेली असते, तुमचा आणि कंपनीचा आपसातला काही वाद असेल तर मला त्यात ओढू नका. ती चिडून म्हणाली की झालेली तपासणी माझ्या नमुन्याची होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

घरी ती कपबशी ठेवायची तर आपटायची. मन्मथप्पा एकदा म्हणाले, "बाई, रागानं दुकान चालत नाही."

"मला चालवायचं नाही, आप्पा. बंद करायचंय."

शनिवारी ती फिरोजच्या गाड्यावर गेली. काय काय झालं ते त्या दोघांना सांगणं तिला भाग वाटलं. ती सांगत होती आणि फिरोज मान खाली घालून कलिंगडं पुसत होता. त्या मशीनला समोर लेकरू असलं काय नि नसलं काय, सारखंच, असं ती म्हणाली तेव्हा त्यानं हातातल्या कलिंगडाकडे बघितलं.

"म्हणजे मॅडम, ह्याला लावलं तरी हिरवा दिवा लागंल?"

वर्षाराणी बोलता बोलता थांबली. तिनं ते कलिंगड त्याच्या हातातून घेतलं आणि फिरवून बघितलं. साल मेणचट होती, पण वरून थोडी खरवडली तर आत ओलं.

"लागेल," ती म्हणाली. "नक्की लागेल."

रविवारी बीडला शिबिराच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. तान्ह्या लेकरांना छातीशी धरून बाया भिंतीकडेनं बसल्या होत्या. पाहुणे अजून यायचे होते. मंचाखाली तीन टेबलांवर तीन निळी मशीन होती. वर्षाराणी, फिरोज आणि उज्माला कडेवर घेतलेली फरीदा, असे तिघं सरळ पहिल्या टेबलापाशी गेले. मशीन चालवणारी मुलगी, अंजू, तिनं वर न बघताच विचारलं, "लेकराचं नाव?"

फिरोजनं पांढऱ्या टॉवेलात गुंडाळलेलं कलिंगड गादीवर ठेवलं.

अंजूनं बघितलं आणि हसली. मग वर्षाराणीचा चेहरा बघून तिचं हसू गेलं.

"पट्ट्या लावा," वर्षाराणी म्हणाली. "इथं साल खरवडलेली आहे. कपाळाची वर, कानांच्या बाजूंना. रोजच्यासारखं."

"मॅडम, असं न्हाई करता येत."

"तुम्ही हे रोज लावता. लाल दिवा शेवटचा कधी लागला होता?"

अंजूनं मागे वळून बघितलं. योगीराज मंचापाशी हार-तुऱ्यांचं बघत होता. ती अगदी हळू म्हणाली, "लागतच न्हाई, मॅडम. मी साहेबांना सांगितलंतं. साहेब म्हणले, चांगलंच हाय की." आणि तिनं पट्ट्या चिकटवल्या, हेडफोन चढवला आणि बटण दाबलं.

टक टक सुरू झालं. जवळच्या बाया उठून बघायला लागल्या. कुणीतरी खुसखुसलं. गर्दीतून वाट काढत डॉक्टर खडकीकर आले. वय झालेला, पांढरी छाटलेली मिशी असलेला माणूस. "हा काय प्रकार आहे?" त्यांनी विचारलं, आणि तेवढ्यात हिरवा दिवा लागला.

हशा पिकला. कलिंगडाला ऐकू येतंय, असं मागून एक माणूस म्हणाला आणि हशा आणखी वाढला. वर्षाराणीला तो सहन झाला नाही.

"हसू नका," ती म्हणाली. गल्ल्यामागे बसून शिकलेलं सगळं विसरून तिचा आवाज त्या उंच छताला जाऊन लागला. "ज्यांच्या लेकरांना हिरवा दिवा लागलाय त्यांनी तरी हसू नका."

हशा एकदम नाही थांबला. पुढून मागे असा ओसरत गेला. भिंतीकडेची एक बाई, जिच्या लेकराची तपासणी नुकतीच झाली होती, तिनं लेकराला छातीपासून दूर धरलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"पुन्हा लावा," डॉक्टर खडकीकर अंजूला म्हणाले. पुन्हा हिरवा. त्यांनी स्वतः हेडफोन काढून कलिंगडाशेजारी गादीवर ठेवला. "आता." हिरवाच.

योगीराज धावत आला. त्याचा चेहरा घामानं भिजला होता. "डॉक्टरसाहेब, ही ट्रिक हाय. कुठल्याबी मशीनला असं फसवता येतं. हिच्या मशीनला लावून बघा, तेबी असंच दाखवंल."

वर्षाराणीनं पिशवीतून आपला नमुना काढला. रंग न दिलेली धातूची डबी, वर छोटा पडदा आणि दोन दिवे, तिच्यातून निघालेली रबरी नळी. कलिंगडाला लावला. बराच वेळ गेला. लाल.

"हां, मग हे लालच दाखवत असंल सगळ्याला," योगीराज म्हणाला.

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, नुसता लाल दिवा दाखवणंही काही कामाचं नव्हतं, आणि त्याचंच बरोबर निघावं याचाही तिला राग आला. तिनं गर्दीकडे बघून विचारलं की कुणाचं लेकरू झोपलेलं आहे का. एक आजीबाई पुढं आली आणि नातवाला गादीवर ठेवून म्हणाली, "झोपमोड करू नको, माय." वर्षाराणीनं त्याचं कपाळ पुसलं, पट्ट्या लावल्या, नळी कानात बसवली.

मग सगळ्यांना थांबावं लागलं. खसखशीतून जबाब वर यायला जितका वेळ लागतो तितका लागतोच. मिनिटं गेली. कुणीतरी खोकलं तर आजीबाईनं डोळे वटारले. पडद्यावरची रेघ थरथरत होती, मग थोडी शांत झाली, मग आणखी, आणि त्या शांत रेघेतून एक बारीक टेंगूळ वर यायला लागलं. डॉक्टर खडकीकर वाकले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बोट पडद्याजवळ नेलं, पण टेकवलं नाही.

"ही पाचवी लाट, ऐकू आल्याची खूण," ते स्वतःशीच म्हणाले. दिवा हिरवा झाला.

त्यानंतर तेच मंचावर गेले आणि माईकवर त्यांनी सांगितलं की आजची तपासणी थांबवली आहे आणि आजवर या मशीननं झालेली कुठलीही तपासणी कुणी धरून चालू नये. कार्यालयात गलका उठला. बाया टेबलांकडे लोटल्या. आमच्या लेकराचं मागच्या वर्षी झालं, त्याचं काय, माझ्या पोराचं गेवराईला झालं, असे आवाज चारी बाजूंनी यायला लागले. योगीराज भिंतीला लागून उभा होता. फरीदा गर्दीतून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं उज्माला खाली ठेवलं. पोरगी पाठमोरी होऊन जमिनीवरच्या झेंडूच्या पाकळ्या वेचायला लागली.

"साहेब," फरीदा म्हणाली, "हिचं नाव उज्मा हाय. हाक मारून बघा."

योगीराजनं त्या पाठमोऱ्या लेकराकडे बघितलं. त्याचे ओठ हलले, पण त्यानं हाक मारली नाही.

"मारा की. तुमचं मशीन म्हणलंतं ऐकू येतंय."

तो तिला वळसा घालून बाहेर निघून गेला.

पुढं जे झालं ते काही गोष्टीत व्हावं तसं झालं नाही. मशीन कपाटात गेली, पण संस्था म्हणाली दोष कंपनीचा, आणि कंपनी म्हणाली दोष चालवणाऱ्यांचा. अंजूची नोकरी गेली. एका छोट्या वर्तमानपत्रात बातमी आली ती अशी, की प्राध्यापिकेनं कलिंगड आणून शिबिरात गोंधळ घातला. वर्षाराणीनं ती वाचून पेपरचा बोळा केला, आणि मग तो उलगडून पुन्हा वाचला, कारण तिला राग विझू द्यायचा नव्हता. उज्माला दोन्ही कानांना यंत्रं लागली. मोठ्या शहरात ऑपरेशनसाठी नाव नोंदलं गेलं. गेलेले महिने भरून निघत नाहीत, हे डॉक्टरीणबाईंनी लपवलं नाही.

फरीदा त्यानंतर वर्षाराणीशी बोलेना. गाड्यावर गेलं तर ती फिरोजला पुढं करायची. वर्षाराणीनं एकदा माफी मागायचा प्रयत्न केला, तेव्हा फरीदा म्हणाली, "मशीनमधलं तुमी बदललं न्हाई ते, मला माहीत हाय. पण तुमचं नाव ऐकून आत कुठंतरी जळतं, मॅडम. त्याला मी काय करू?"

पण पावसाळा तोंडावर आला तेव्हा तीच कॉलेजात आली. प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून म्हणाली, "तलवाड्यात माझ्याबरोबर शिबिराला गेलेल्या लई बाया हायत. बातमीबितमी कुणाला कळलेली न्हाई. मी फोन केला तर म्हणतात, आमचं लेकरू बरं हाय. तुमचं ते मशीन घेऊन चला."

डॉक्टर खडकीकरांनी गाडी दिली आणि स्वतः आले. अंजूही आली. वर्षाराणीनं तिला सर्किट जोडायला शिकवलं होतं आणि आणखी दोन डब्या त्या दोघींनी मिळून जोडल्या होत्या. पर्यायी ट्रान्झिस्टर शेवटी मिळाले होते, साध्या दुकानात, प्रवाह थोडा कमी केला की चालणारे. योगीराजनं एकदा विचारलं असतं तरी भागलं असतं, हे त्या दिवशी जोडणी करताना तिच्या लक्षात आलं होतं आणि तिनं सोल्डरिंगची लेखणी स्टँडवर इतक्या जोरात ठेवली की अंजू दचकली.

शाळेच्या एका खोलीत त्यांनी गादी घातली. बाया येईनात. तेव्हा फरीदा उठली. डोक्यावरची ओढणी घट्ट बांधून ती घरोघर गेली. काय बोलली कुणास ठाऊक, पण तासाभरात ती सहा-सात जणींना घेऊन आली, आणि तिच्या तोंडावरून कळत होतं की त्यातल्या दोघी-तिघींना तिनं भांडून आणलं होतं.

पहिली दोन लेकरं पास झाली. तिसऱ्याला लाल दिवा लागला. पुन्हा लावलं, पुन्हा लाल. छबुबाई नावाची त्याची आई लेकराला उचलून घ्यायला लागली. "हे मशीन बिघडलंय," ती म्हणाली. "पहिल्यानं चांगलं सांगितलंतं. मला घरी जाऊ द्या."

वर्षाराणी बोलायला उठली, पण फरीदानं हातानं तिला खाली बसवलं. ती छबुबाईच्या शेजारी गादीवर जाऊन बसली. उज्मा तिच्या मांडीवर होती, दोन्ही कानांमागे यंत्रं लावलेली.

"छबू, बस," ती म्हणाली. "मला जे उन्हाळ्यात कळलं ते तुला आज कळतंय. रागाव. मलाबी राग आलता, अजून हाय. पण लेकरू घेऊन जाऊ नको."

छबुबाई उभीच राहिली, दाराकडे तोंड करून. मग हळूहळू बसली. तिला हुंदका आला आणि तिनं तो पदरात दाबला. फरीदा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. डॉक्टर खडकीकर खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसले आणि लेकराला कुठं न्यायचं, कधी न्यायचं ते सांगायला लागले.

अंजूनं वर्षाराणीकडे बघितलं. वर्षाराणीनं पट्ट्या पुसल्या, नव्यानं लेप लावला आणि दारात थांबलेल्या पुढच्या बाईला म्हणाली, "या. वेळ लागेल, पण बसा."